डब्यात काय, पोटात काय

सातवीच्या वर्गाला आम्ही मराठी शिकवतो. शाळा उर्दू माध्यमाची, अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यातली, सकाळच्या पाळीची. मुलांच्या घरी कुठे उर्दू, कुठे कोकणी, कुठे भोजपुरी बोलली जाते. त्यामुळे मराठी निबंधाचे विषय आम्ही शक्यतो मुलांच्या रोजच्या जगण्यातले देतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी असाच एक विषय दिला : 'माझा डबा'.

वह्या घरी आणल्या आणि रात्री तपासायला बसलो. व्याकरणाच्या चुका शोधायच्या होत्या, पण लाल पेन हळूहळू बाजूला राहिले. 'मी डबा आणत नाही, अम्मी पाच रुपये देते.' 'माझ्या डब्यात रोज बिस्किट असते.' 'मला चिप्स आवडतात, भाजी आवडत नाही.' 'सकाळी मी चहा आणि बटर खाते.' मुंबईत बटर म्हणजे बेकरीतले ते कडक गोल बटर, हे सांगायला नकोच. निम्म्याहून जास्त वह्यांत भाजी-पोळी किंवा भाजी-भाकरी हे शब्दच नव्हते. आणि एका मुलीच्या वहीत, विषयाशी संबंध नसलेले एक वाक्य होते : 'मी शाळेत पाणी पीत नाही, पाणी प्यायले की जावे लागते.'

ही तीच मुलगी. तिसऱ्या तासाला हात वर करून रोज म्हणायची, "टीचर, पेट में दुखता है." आम्ही दोन-चार वेळा तिला बाकावर डोके टेकून बसू दिले, आणि एकदा सर्व वर्गादेखत म्हणालो, "हे तुझे रोजचेच नाटक आहे." त्या रात्री वही हातात धरून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून विचारले. सकाळी सहाला उठायचे, वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयापुढे रांग असते म्हणून न जाताच शाळेत यायचे. शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी मोडलेली, म्हणून तिथेही नाही. दुपारी घरी गेल्यावर पुन्हा लाज, कारण तेव्हा बाहेर पुरुष बसलेले असतात. मग रात्री अम्मीबरोबर. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, हे तिने खाली मान घालून सांगितले. सकाळी चहा-बटर, मधल्या सुट्टीत चिप्स, पाणी जवळजवळ नाहीच. तिचे पोट दुखले नसते तरच नवल.

तेव्हापासून आम्ही पोटाविषयी वाचायला आणि विचारायला लागलो. आम्ही डॉक्टर नाही. पण या विषयावर आपल्या मुंबईत आणि पुण्यात जे काम झाले आहे, ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेलेच नाही असे वाटले, म्हणून हा लेख.

आपण पोट म्हणतो तेव्हा जेवण जिथे जाऊन पडते त्या जठराचा, म्हणजे उर्दूत ज्याला मेदा म्हणतो त्याचा विचार करतो. खरे मोठे काम पुढे आतड्यांत चालते. लहान आतडे मोठ्या माणसात सहा मीटरच्या आसपास लांब, मोठे आतडे दीड मीटर. अन्नातले सत्त्व बहुतेक लहान आतड्यात शोषले जाते. मोठ्या आतड्यात उरतो तो चोथा, आणि आपण समजतो की तो केवळ बाहेर टाकायचा कचरा. तसे नाही. मोठ्या आतड्यात जिवाणूंची एक मोठी वस्ती असते. एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येइतकेच, किंबहुना थोडे जास्त. त्यातले बहुतेक याच आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेला चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते काही आम्ले तयार करतात, आणि त्यांवर आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी जगतात. अस्तर मजबूत राहिले तर नको ते पदार्थ रक्तात शिरत नाहीत. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा याच आतड्यांच्या भिंतीलगत पहारा देत असतो. मन शांत ठेवण्याशी ज्याचा संबंध सांगितला जातो ते सेरोटोनिन नावाचे द्रव्यही सुमारे ९० टक्के आतड्यांतच तयार होते. पोट बिघडले की चिडचिड होते, परीक्षेच्या सकाळी मुलांना वारंवार संडासला जावे लागते, हे आपण रोज पाहतो. मेंदू आणि आतडे यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालते, त्याचाच हा परिणाम.

आता या जिवाणूंना चोथाच मिळाला नाही तर? मैद्याचे बटर, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, चिप्स, बिस्किटे हे सगळे लहान आतड्यातच संपते. मोठ्या आतड्याच्या वस्तीला उपास घडतो. मल कोरडा होतो, पुढे सरकत नाही. त्यात पाणी कमी. युनानी हकीम कब्जाला आजारांची आई मानत, ते उगीच नव्हे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यांतील जिवाणूंवर बरीच वर्षे काम केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक अभ्यास आम्हाला फार आवडला, कारण तो एकत्र कुटुंबांवर आहे. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे नमुने घेऊन त्यांनी पाहिले, तर वयाप्रमाणे जिवाणूंचा मेळ बदलत जातो असे दिसले. म्हणजे चूल एक असली तरी दादी, अब्बा आणि नातू यांची पोटे एक नाहीत. म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही ते 'वयाचे खूळ' म्हणून उडवून लावू नये, एवढे तरी त्यातून आम्ही शिकलो.

आमची दादी रत्नागिरीकडची. तिच्या घरी नाचणीची नाही तर तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट, कोकमाचे सार, परसातला माठ आणि शेवगा. मटण ईदला आणि पाहुणा आला तर. तिला कोणी आहारशास्त्र शिकवले नव्हते. गरिबीनेच ते ताट वाढले होते, हेही खरे. पुढची पिढी मुंबईला आली, गोदीत, गिरणीत, मग उपनगरांत चाळी आणि झोपडपट्ट्यांत. ताट बदलले. पाव आला, रिफाइंड तेल आले, ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली. आज आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत आठवड्यातून चार-पाच वेळा चिकन होते, पण पालेभाजी महिन्यातून दोनदा. भाजीला 'घास-फूस' म्हणून हसण्याची आपल्याकडे एक रीतच पडली आहे. दस्तरखानावर भाजी ठेवली तर पाहुण्याचा अपमान होईल असे वाटणारी घरे आम्ही पाहिली आहेत. गोश्त हलाल आहे, पौष्टिक आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याच्या शेजारी काय आहे, हा प्रश्न आहे.

आणि आपली मुले तर सडपातळ आहेत, त्यांना कसला आजार, असे म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात ते आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय निर्देशांक असतो, तो दोघांचाही २२.३, अगदी एकसारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून चरबीचे असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला पटवले. ही चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला : देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला होता. त्यात दिसले की ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक वजनाची होत. मग प्रश्न आला, हे शहरातल्या गरीब वस्तीत करून पाहिले तर? आणि ते करून पाहिले गेले ते आपल्याच उपनगरांत. वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि अंधेरीच्या झोपडपट्ट्यांत. या प्रकल्पाचे नाव 'सरस'. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने, डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने तो २००६ ते २०१२ या काळात चालवला.

काय केले? गोळ्या नाहीत, पावडरी नाहीत. ६,५१३ विवाहित स्त्रिया, अजून गरोदर न राहिलेल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. सर्वांना रोज ताजा केलेला एक खाऊ द्यायचा, सामोसा-वड्यासारखा, खाताना चांगला लागेल असा. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळे आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असे कमी सत्त्वाचे पदार्थ. वस्तीतल्या केंद्रावर यायचे, तिथेच खायचे. घरचे जेवण नेहमीचेच. गरोदर राहिल्यावरही बाळंत होईपर्यंत हा खाऊ चालू.

निकाल सांगताना हातचे राखून ठेवायला नको. सर्व स्त्रियांची सरासरी काढली तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांनी गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. फार कृश असलेल्या मातांना तोही फायदा दिसला नाही. हे वाचून आम्हाला वाईट वाटले, कारण सर्वांत जास्त गरज त्यांनाच. मुलगी लग्नाच्या वयापर्यंत उपाशी राहिली तर नंतरचा एक खाऊ सगळे भरून काढत नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. पण दुसरी एक गोष्ट निघाली आणि ती मोठी होती. गरोदरपणात होणारा मधुमेह ज्या स्त्रियांमध्ये तपासला, त्यात बटाट्याच्या खाऊच्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजी-फळे-दुधाच्या गटात ७.३ टक्के आढळला. रोजच्या एका सामोशाएवढ्या खाऊने एवढा फरक! अंधेरीच्या गल्लीतला हा निकाल २०१६ साली अमेरिकेच्या पोषणविषयक नियतकालिकात छापून आला, आणि अंधेरीच्याच आमच्या शिक्षक-खोलीत तो कोणाला ठाऊक नव्हता.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या अम्मींना वर्षानुवर्षे ॲसिडिटी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आम्ही दुकानातून पट्टीच्या पट्टी आणून ठेवायचो. डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी दिली होती. पुढची आठ वर्षे आम्ही स्वतःच चालू ठेवली आणि दुकानदारानेही कधी चिठ्ठी मागितली नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन होतेच. दोन वर्षांपूर्वी अम्मींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, नमाजात रकात विसरू लागल्या. वय झाले, असे आम्ही म्हटले. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि बी-१२ ची तपासणी लिहून दिली. बी-१२ फार कमी निघाले.

आम्ही म्हणालो, "पण त्या तर मटण-मासे खातात!" पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी सापडले होते, आणि ते मुख्यतः शाकाहाराशी जोडले जाते, हे आम्ही वाचले होते. आपल्या घरांना त्याची काय भीती? डॉक्टरीणबाईंनी समजावले. मांसातले बी-१२ सुटे व्हायला जठरात आम्ल लागते, आणि मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषले जाते. आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षे घेतली तर पहिली पायरीच मोडते. मेटफॉर्मिननेही शोषण कमी होऊ शकते. ताटात असणे आणि अंगी लागणे या दोन गोष्टी आहेत. इंजेक्शने सुरू झाली, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. तोल मात्र पूर्वीसारखा आला नाही.

घरात कोणी अशी गोळी रोज घेत असेल तर ती आमच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नये. काहींना ती खरोखर लागते. पण डॉक्टरांना विचारावे की ही किती दिवस घ्यायची आणि बी-१२ तपासायचे का. आणि जळजळ, पोटदुखी हटतच नसेल तर 'मिरची जास्त झाली' एवढ्यावर थांबू नये. जठरातला व्रण तिखटाने आणि चिंतेने होतो असे डॉक्टरही पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले की बहुतेक व्रणांच्या मागे एक जिवाणू असतो. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. या जिवाणूवर ठरावीक दिवसांचा इलाज आहे. मलातून रक्त, काळा मल, कारण नसताना वजन घटणे, गिळायला त्रास, यांपैकी काही असेल तर कूपर किंवा राजावाडीसारख्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जायला उशीर करू नये.

खाण्याइतकेच पाण्याचे. मुंबईला सात तलावांतून दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. भांडुपला पाणी शुद्ध होते, तेव्हा ते पिण्याजोगे असते. बिघडते ते वाटेत. आपल्या वस्त्यांत पाणी काही तासच येते. बाकी वेळ नळातला दाब पडलेला असतो. पाइप गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेला. सांध्याला बारीकशी भेग असली की रिकामा पाइप बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेतो, आणि नळ आला की पहिली बादली तीच आपल्या घरी. त्यात कोणी लाइनीला मोटर लावली तर हे ओढणे आणखी वाढते. मोटर लावणाऱ्याच्या घरी पाणी आधी येते, आणि शेजाऱ्याच्या मुलाला जुलाब. यावर मशिदीतल्या जुम्याच्या बयानात कोणी बोलले तर फार बरे होईल.

पहिली बादली धुण्याला, पिण्याचे पाणी चांगले खळखळ उकळून, झाकून, वरून ओगराळ्याने घेऊन : हे पावसाळ्यात तरी प्रत्येक घरी व्हावे. मुलाला जुलाब लागलेच तर पाणी तोडू नये. आपल्याकडे अजून म्हणतात, पाणी दिले की जुलाब वाढतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपले, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रमात मीठ-साखरेचे पाणी कालवून पाजायला लावले. जिथे शंभरातले वीस-तीस मरत होते तिथे मृत्यू चारच्याही खाली आले. दवाखान्यातले ओआरएसचे पाकीट सर्वांत चांगले. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबत जस्ताची गोळी डॉक्टर १४ दिवस देतात, ती जुलाब थांबल्यावर फेकू नये. बाळाचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर घरी बसून राहू नये.

आणि प्रत्येक जुलाबाला, प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नये. बहुतेक सर्दी-पडसे विषाणूंचे, त्यांच्यावर या गोळ्या चालतच नाहीत. त्या मारतात ते आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना, ज्यांची वस्ती पुन्हा बसायला आठवडे, महिने लागतात. १ मार्च २०१४ पासून यांतल्या अनेक औषधांची विक्री एच-१ या यादीखाली आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराने नोंद ठेवायची असते. कागदावर तरी.

रमजानचा विषय या मासिकात आल्याशिवाय राहणार नाही. दिवसभराच्या रोजाने पोटाला विसावा मिळतो, हे आपण अभिमानाने सांगतो. मग मगरिबच्या अजानेला त्याच पोटात भजी, सामोसे, कबाब, रंगीत सरबत एकामागून एक. मोहम्मद अली रोडपर्यंत जायलाही नको, कुर्ल्यात, जोगेश्वरीत, मालवणीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कढया तापलेल्या असतात. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण मुलांना पाठ करून घेणारेही आम्हीच आणि इफ्तारला ती विसरणारेही आम्हीच. खजूर, पाणी, फळे, सब्जा घातलेले साधे सरबत, उकडलेले चणे, आणि थोड्या वेळाने जेवण, असे आम्ही गेली दोन वर्षे घरी केले. पहिल्या आठवड्यात मुले रुसली. तळलेले आता फक्त जुम्याला. जेवणात बिर्याणीऐवजी एखाद्या दिवशी खिचडा करून पाहा. मोहरमचाच पदार्थ तो असे कुठे लिहिले आहे? गहू, जव, चार डाळी आणि गोश्त एकाच भांड्यात : आतड्यातल्या त्या वस्तीलाही मेजवानी. सहरीला पराठा-चहा घेऊन झोपण्यापेक्षा दलिया, दही, अंडे, भरपूर पाणी. मधुमेही माणसाने, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याने, रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. आजाऱ्याला शरियतने सवलत दिली आहे. अम्मींना ती घ्यायला लावणे आम्हाला सर्वांत कठीण गेले.

राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगते. आमच्या वस्तीत हे ऐकवले तर लोक हसतील. पण मोड आलेली मटकी, चवळी, अख्खे मसूर, काळे चणे, लाल माठ, मुळ्याचा पाला हे अजून चिकनपेक्षा स्वस्त आहे. गोश्तात भाजी घालण्याची आपली जुनी पद्धत, पालक-गोश्त, शलजम-गोश्त, दाल-गोश्त, ती तरी जिवंत ठेवावी. मैद्याच्या पावाऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी आठवड्यातून चार वेळा. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून हळूहळू, आणि पाण्यासह.

त्या मुलीकडे परत येतो. केरळमधल्या शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा होते, असे वाचले होते. मुख्याध्यापिकांना विचारून दुसऱ्या आणि चौथ्या तासानंतर आम्ही ती सुरू केली. कडीसाठी अर्ज केला, तो फिरत राहिला, शेवटी शिक्षकांनीच वर्गणी काढून सुतार बोलावला. स्वच्छतागृह दिवसातून दोनदा धुतले जाईल हे मात्र अजून रोज भांडून करून घ्यावे लागते. मुंबईत २०११ पासून बायांच्या स्वच्छतागृहांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालली आहे. तिची टर उडवणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो.

मुलीच्या अम्मीला बोलावले. बाई चार घरची कामे करून धावतपळत आल्या. आम्ही पाणी, भाजी, डबा सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "टीचर, भाजी करते मी. पण आधी तिचे अब्बा जेवतात, मग दोघे भाऊ. आम्हा दोघींना रस्सा आणि भात उरतो." आमच्याकडे त्यावर तयार उत्तर नव्हते. 'सरस'मध्ये बायांना केंद्रावर बोलावून तिथेच खायला का लावत, ते त्या क्षणी कळले.

पुढच्या पालक-सभेला आम्ही आयांबरोबर अब्बांनाही बोलावले. अर्धेच आले. तिचे अब्बा रिक्षा बाहेर लावून आले, मागच्या बाकावर बसले, काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत मुलीने डबा उघडून आमच्यापुढे धरला. दोन पोळ्या आणि मेथी-बटाटा, बटाटाच जास्त. "टीचर, अब्बांनी बाजारातून जुडी आणली," ती म्हणाली. तिसऱ्या तासाला तिचा हात अजूनही कधीकधी वर येतो. आता आम्ही आधी विचारतो, सकाळी जाऊन आलीस का, पाणी किती प्यायलीस.